‘उन्हात काळजी घ्या’ हा प्लॅन नाहीये

मागच्या मे महिन्यात जळगावला, मी काम करतो त्या दालमिलमध्ये, एक नवा पोरगा दुपारी दीडच्या सुमारास गोण्या उचलता उचलता अचानक भलतंच बोलायला लागला. कामावर त्याचा तिसराच दिवस. आधी सगळ्यांना वाटलं की मस्करी करतोय, मग तो खाली बसला, अंग तापलेल्या तव्यासारखं गरम. त्यानंतर जे झालं ते मला अजून आठवतं. एक जण कांदा शोधायला पळाला, एकाने त्याच्या तोंडात पाणी ओतायला घेतलं, मुकादम शेठला फोन लावत राहिला आणि बाकीचे गाडी कधी येते म्हणून गेटकडे बघत उभे. वीस मिनिटं अशीच गेली. पोरगा वाचला, पण त्या वीस मिनिटांचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही, कारण भिंतीवर मोठ्या अक्षरात बोर्ड होता ‘उन्हात काळजी घ्या’ आणि काळजी तर सगळेच घेत होते, फक्त कोणी काय करायचं ते एकालाही माहीत नव्हतं.

आधी शरीराचं बघू. आपले स्नायू काम करतात तेव्हा त्यातली साधारण पाव ऊर्जाच हालचालीत जाते, उरलेली सगळी उष्णता होते. गोणी उचलणारा माणूस म्हणजे चालतीबोलती भट्टीच, आणि ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. नुसता घाम येऊन उपयोग नाही, तो वाळला पाहिजे. एक लिटर घाम वाळताना शरीरातली जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण बाहेर ४४-४५ डिग्री, वर पत्र्याची शेड आणि पोटात पाणी नाही, मग हा हिशोब कोलमडतो. आतलं तापमान ४० डिग्रीच्या वर गेलं आणि माणूस बरळायला लागला की तो उष्माघात, आणि तिथून पुढे प्रत्येक मिनिट मोजायचं.

म्हणून नियम असा की आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर गार पाणी ओता, पंखा मारा आणि तेवढ्यात दुसऱ्याने १०८ लावा. अर्ध्या तासाच्या आत शरीर थंड झालं तर वाचायची शक्यता खूप वाढते. नीट शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी मात्र ओतू नका भो, ते श्वासनलिकेत जातं. आम्ही नेमकं उलटं केलं होतं.

आता मुद्दा प्लॅनचा. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली, नुसतं ‘मी हे करणार’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधीच ठरवलं तर ते काम होण्याची शक्यता बरीच वाढते. कारण ऐनवेळी डोक्याला विचार करावा लागत नाही, प्रसंग समोर आला की कृती आपोआप आठवते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीतला प्रयोग छापून आला, फ्लूच्या लसीच्या पत्रात काही कर्मचाऱ्यांना लस घ्यायचा दिवस आणि वेळ स्वतःसाठी लिहून ठेवायला सांगितलं, तर त्यांच्यात लस घेणारे शंभरामागे सुमारे ४ ने वाढले. आकडा छोटा वाटेल पण खर्च काय, कागदावरच्या दोन रिकाम्या जागा! अहमदाबादनेही २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये शहराचा हीट ॲक्शन प्लॅन केला, तोही याच धर्तीवर, तापमान इतकं जाणार असं कळलं की कोणी कोणाला कळवायचं आणि दवाखान्यांनी काय तयारी ठेवायची ते आधीच ठरलेलं.

आम्हीही एक पान लिहिलं. कोणी बरळायला लागला की अंगावर पाणी ओतणार कोण, फोन करणार कोण, गेट उघडणार कोण, नावासकट, आणि तो माणूस सुटीवर असेल तर दुसरं नाव.

नव्या माणसाचं कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उन्हाची सवय लागायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, तेवढ्यात घाम लवकर आणि जास्त यायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून नव्याला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचव्या हिश्शाइतकंच द्यायचं आणि रोज तेवढंच वाढवत न्यायचं. आपल्याकडे उलटं होतं, नवा पोरगा पहिल्याच दिवशी दाखवायला बघतो की मी कमी नाही.

पाण्याचं कलम मात्र पहिल्याच आठवड्यात फसलं. दर वीस मिनिटाला एक ग्लास असं ठरलेलं, कोणी पीतच नव्हतं. विचारलं तर दोन कारणं निघाली, माठ गेटजवळ आणि हमाली गोणीमागे मिळते, म्हणजे पाणी प्यायला गेलेला माणूस स्वतःच्या पैशातून जातो. याला दमदाटीचा काय उपयोग! माठ गोण्यांच्या थप्पीजवळ आणला आणि शेठला समजावून दुपारचे ट्रक सकाळी सहाला भरायला सुरुवात केली, खळखळ झाली पण झालं. माझं स्पष्ट मत आहे की जो प्लॅन मजुरीचा विचार करत नाही तो मजूर पाळणार नाही आणि त्यात चूक मजुराची नाही. टोपी-रुमाल शेवटी, आधी ऊनच टळतंय का ते बघायचं.

अजून एक चूक जूनमध्ये कळली. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी, कूलर मस्त चालतो, घामही पटकन वाळतो. पावसाआधी आभाळ भरून येतं, तापमान ३८-३९ वर उतरतं, सगळ्यांना वाटतं की सुटलो, पण हवेत दमटपणा आल्यामुळे घाम वाळतच नाही आणि कूलर नुसता चिकचिकाट वाढवतो. आमच्या पानावर शेवटची तारीख ३१ मे होती. ती खोडून यंदा लिहिलंय, ‘पाऊस लागून शेड गार होईपर्यंत’.