कॉम्पॅक्ट कॅमेरा आणि अर्ध्या तासाची अट

इंदूरला कॅमेरा नवा नाही. 1870 च्या दशकात इथल्या बांधकाम खात्यातल्या एका नोकरदाराने, लाला दीनदयाळ यांनी, तो हाती धरला, होळकर महाराजांनी पाठबळ दिलं आणि पुढे हेच गृहस्थ हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले. मधला रोलचा आणि स्टुडिओंचा काळ सोडून देऊ. आज इथल्या जेल रोडवर नवा कॉम्पॅक्ट, म्हणजे खिशात मावणारा साधा कॅमेरा, मागितला की चार-दोन मॉडेलंच समोर येतात, त्याची कारणं गेल्या पंधरा वर्षांतली आहेत.

2010 मध्ये प्रामुख्याने जपानी कंपन्यांनी जगभर 12 कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले. त्यातले बहुतेक खिशात मावणारे. 2023 मध्ये लेन्स बदलता न येणारे कॅमेरे, म्हणजे मुख्यतः हेच कॉम्पॅक्ट, गेले जेमतेम 17 लाख. मोबाइलने बाजार खाल्ला, हे उघडच आहे. करानेही आपला हात मारून घेतला, त्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

फोटोच्या डिजिटल कॅमेऱ्याला आयात शुल्क माफ होतं, व्हिडिओ कॅमेऱ्याला नव्हतं. मग दोन्ही करणाऱ्या डबीचं काय? मार्च 2012 मध्ये सरकारने रेघ ओढली: किमान 800×600 पिक्सेल, सेकंदाला किमान 23 फ्रेम आणि सलग किमान 30 मिनिटं चित्रण जमत असेल तर माफी नाही. युरोपच्या शुल्कातही अशीच रेघ होती. कंपन्यांनी सोपी वाट काढली. कार्डात जागा असो, बॅटरीत जीव असो, पडद्यावर 29:59 झाले की रेकॉर्डिंग बंद. मंगलाष्टकं लांबली की हौशी काकांची पंचाईत!

तरीही वाद पेटलाच. त्याच मार्च 2012 मध्ये कस्टममधून सोडवलेल्या मालावर माफी चुकीची घेतली, अशा नोटिसा कंपन्यांना पुढे निघाल्या. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटीस रद्द केली, ती मात्र कॅमेरा कोणता या मुद्द्यावर नव्हे. नोटीस काढणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकारच नव्हता म्हणून. नोव्हेंबर 2024 मध्ये फेरविचारात न्यायालयाने हेही उलटवलं: अधिकाऱ्याला तो अधिकार होता. बारा वर्षं खल झाला तो कागदावरच्या सहीचा. गिऱ्हाइकाच्या पदरात काय पडलं, ते दिसतंच आहे.

मधल्या काळात जीएसटी आला. जुलै 2017 मध्ये मोबाइलवर 12 टक्के आणि कॅमेऱ्यावर 28. म्हणजे फोनमधला कॅमेरा गरज आणि सुटा कॅमेरा चैन! 1 जानेवारी 2019 पासून कॅमेरा 18 वर आला, एप्रिल 2020 मध्ये मोबाइलही 18 वर गेला. दर सारखे झाले तोवर स्वस्त कॉम्पॅक्टची बरीच मॉडेलं बंद पडली होती.

अलीकडच्या काही मॉडेलांत अर्ध्या तासाची मर्यादा उठली आहे. जुना साठा घेणार असाल तर माहितीपत्रकात सलग रेकॉर्डिंगची वेळ बघून मगच बिल करा.