हिवाळ्यात ट्रॉम्सोला जायचंय? शेंगेन व्हिसाचा अर्ज नेमका इथे अडतो

उत्तर नॉर्वेतल्या बर्फाच्या डोंगरांसाठी आणि अरोरासाठी (आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशासाठी) डिसेंबर-जानेवारीत ट्रॉम्सोला जायचं, तर शेंगेन व्हिसा लागतो. नॉर्वे युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. पैसे कमी म्हणून व्हिसा नाकारतात असा सर्वसाधारण समज असतो. खरी अडचण बहुतेक वेळा कागद एकमेकांशी जुळत नाहीत ही असते.

आधी रात्री मोजा. ट्रॉम्सोत चार आणि फिनलंडच्या रोव्हानिएमीत पाच रात्री असतील, तर अर्ज फिनलंडकडे करायचा. रात्री समान असतील, तर ज्या देशातून शेंगेनमध्ये शिरणार त्याच्याकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयालाही १५ दिवसांचीच मुदत असते, आणि तिचा अर्थ फार जण चुकीचा लावतात. हे १५ दिवस अर्ज स्वीकारल्यापासून धरतात, अपॉइंटमेंट बुक केल्यापासून नव्हे, आणि ते ४५ पर्यंत लांबू शकतात. नाताळात जायचं असेल तर सप्टेंबरातच कागद द्या, दिवाळीनंतरची वाट पाहू नका.

नॉर्वेचा फॉर्म यूडीआयच्या (नॉर्वेच्या इमिग्रेशन खात्याच्या) पोर्टलवर भरायचा, तिथेच ९० युरो फी (६ ते ११ वयाला ४५), मग व्हीएफएसला (व्हिसा अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रात) कागद आणि बोटांचे ठसे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा.

आता बँक स्टेटमेंट. खात्यात तीन महिने अठरा-वीस हजार आणि अपॉइंटमेंटच्या आठ दिवस आधी एकदम पाच लाख जमा, हे पान पाहणाऱ्याला पैसे उसने आणलेले दिसतात. मुदत ठेव मोडली असेल किंवा मुलाने पाठवले असतील, तर तसा कागद सोबत जोडा. आईवडिलांचा खर्च मुलगा करणार असेल, तर त्याचं पत्र, त्याचं स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा जन्मदाखला हवा. जुना दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर करून घ्या. सातबाऱ्याचंही तेच. शेतीचं उत्पन्न रिटर्नमध्ये दिसत नाही म्हणून सातबारा लावतात, पण न वाचता येणारा कागद कोण धरणार? दुकानदारांनी गुमास्ता आणि रिटर्न द्यावेत. नोकरदारांच्या पत्रात रजा मंजूर झाल्याच्या तारखा हव्यात, नुसतं ‘आमच्याकडे काम करतात’ पुरत नाही. माणूस परत येणार, हे या कागदांवरूनच ठरतं.

तारखांचं एक उदाहरण घ्या. विमान ‘२१ च्या रात्री’ म्हणजे २२ डिसेंबरला पहाटे दोनला सुटतं, म्हणून कागदांवर तारीख २२ च हवी. परतताना ३० ला ट्रॉम्सो सोडून रात्र ओस्लोत काढायची आणि ३१ ला निघायचं. विमा ३० पर्यंतच घेतला, तर ३१ उघडा राहतो. विमा किमान ३० हजार युरोचा, संपूर्ण शेंगेनसाठी, आल्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंत हवा. स्नोमोबाइल किंवा स्कीइंग करणार असाल तर पॉलिसीतले अपवाद स्वतः वाचा. व्हिसाला त्याने फरक पडत नाही, पण पाय मोडला तर पडतो.

ट्रॉम्सोच्याही उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांचा बेत असेल तर जपा. ती नॉर्वेची असूनही शेंगेनबाहेर आहेत. तिथे गेलात की बाहेर पडलात असं धरतात, आणि एकाच प्रवेशाच्या व्हिसावर ट्रॉम्सोला परतता येत नाही. अर्जातच दोन किंवा अधिक प्रवेश मागा.

पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर मिळाल्यावर त्यावरच्या शेवटच्या तारखेवर विसंबू नका. शेजारी मुक्कामाचे दिवस छापलेले असतात. दहा असतील तर दहाच, आणि पोचल्याचा व निघण्याचा दिवसही त्यात मोजतात.

नाकारलं तर फी परत मिळत नाही. नॉर्वेच्या निर्णयावर कळल्यापासून तीन आठवड्यांत अपील करता येतं. पत्रात जे कारण दिलंय, त्याच कारणाचं उत्तर नव्या कागदासकट द्या. तेच जुने कागद पुन्हा पाठवून निर्णय बदलत नाही.