पंक्तिप्रपंच: देशादेशांतल्या सहकार्याची जुनी गोष्ट, बडोद्यातून बघताना

सध्या जगाची घडी विस्कटतेय असं सगळेच म्हणतात. अमेरिका एकेका संस्थेतून बाहेर पडतेय, भारत, चीन, रशिया वगैरेंच्या ब्रिक्स गटात २०२४ पासून नवीन देश आले, डब्ल्यूटीओचं, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेचं, अपील ऐकणारं मंडळ डिसेंबर २०१९ पासून बंदच पडलंय, आणि मग नियमांवर चालणारं जग संपलं असा सूर लागतो. पण ते नियम सगळ्यांना सारखे होते कधी? बडोद्याच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही, इथे तो १५० वर्षांपूर्वीच पडून गेलाय.

तैनाती फौज शाळेत शिकलोय आपण सगळे. १८०५ च्या करारात बडोद्याच्या गायकवाडांनी ईस्ट इंडिया कंपनीची फौज ठेवून घेतली, तिच्या खर्चासाठी मुलूख तोडून दिला आणि बाहेरच्या राज्यांशी बोलायचं ते कंपनीमार्फतच असं ठरलं. भाषा सगळी दोस्तीची. त्या दोस्तीचा अर्थ नीट कळला तो १८७५ ला. रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचा बडोद्यातला प्रतिनिधी, कर्नल फेयर याच्या सरबतात विष घालायला लावल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला, चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन इंग्रज आणि तीन आपले, म्हणजे ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. इंग्रज म्हणाले दोषी, आपले तिघे म्हणाले सिद्ध होत नाही. झालं, तीनास तीन. तरी मल्हाररावांना गादीवरून काढलंच, फक्त कारण बदललं, विषाच्या जागी गैरकारभार आला, आणि त्यांची रवानगी मद्रासला. आता मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं मी अजिबात म्हणत नाही, रयत त्रासलेली होती. पण पंच तुम्हीच नेमायचे आणि पंचांचं जमलं नाही की मुद्दाच बदलायचा, याला न्याय कसं म्हणायचं? (त्यातूनच पुढे कवळाण्याचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि बडोद्याचं सोनं झालं हे खरं, पण त्याने ती पद्धत बरोबर ठरत नाही.)

१९१९ ला पॅरिसमध्ये तेच मोठ्या प्रमाणावर झालं. राष्ट्रसंघाच्या, म्हणजे यूएनच्या आधीच्या संघटनेच्या, मसुद्यात सगळ्या वंशांना समान मानायचं एक वाक्य घाला असं जपानने सुचवलं, १७ पैकी ११ मतं बाजूने पडली, तरी अध्यक्षस्थानी असलेले अमेरिकेचे विल्सन म्हणाले एकमत नाही, सबब नामंजूर. जपान स्वतः तेव्हा कोरियावर बसलेला होता हेही विसरून चालणार नाही.

मग १९४५, सॅन फ्रान्सिस्को. २६ जूनला ५० देशांनी यूएनच्या सनदेवर सह्या केल्या, त्यात हिंदुस्थानच्या वतीने रामस्वामी मुदलियार आणि व्ही. टी. कृष्णम्माचारी. हे कृष्णम्माचारी १९२७ ते १९४४ आमच्या बडोद्याचे दिवाण होते. माणूस कर्तबगार, पण पाठवणारं सरकार लोकांनी निवडलेलं नव्हतं आणि विजयालक्ष्मी पंडित त्याच शहरात जाऊन सांगत होत्या की हे शिष्टमंडळ आमचं नाही. पाच देशांना व्हेटो, म्हणजे सुरक्षा परिषदेतला ठराव एकट्याने रोखायचा हक्क, मिळाला तो तिथेच. १९६५ ला सुरक्षा परिषद ११ वरून १५ ची झाली पण ते पाच तेच राहिले. आयएमएफमध्येही, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत, मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १६ टक्क्यांच्या वर आहेत, म्हणजे तिने नको म्हटलं की निर्णय अडला.

पण याच पंगतीत मागे बसलेल्या माणसाने वाढप बदलल्याचं उदाहरणही बडोद्याचंच आहे. हंसाबेन मेहता, दिवाण मनुभाई मेहतांची मुलगी, यूएनच्या मानवाधिकार आयोगावर होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम सगळे 'पुरुष' स्वतंत्र आणि समान जन्मतात असं सुरू होत होतं, त्यांनी हट्ट धरला की इथे 'सगळी माणसं' असंच हवं, नाहीतर उद्या कुठलंही सरकार बायकांना वगळेल. १० डिसेंबर १९४८ ला जाहीरनामा मंजूर झाला तो त्या शब्दासकट. १९४९ ला त्या बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू झाल्या, लायब्ररीला आज त्यांचंच नाव आहे, आणि तिथे रोज जाणाऱ्या पोरांना ही गोष्ट माहीत नसते याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता अलीकडचं. २००७ ला इंडोनेशियाने बर्ड फ्लूचे सॅम्पल डब्ल्यूएचओला, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेला, द्यायचे थांबवले, कारण व्हायरस आमचा, त्यावरून लस बनवणार श्रीमंत देशातली कंपनी, आणि ती आम्हाला परवडणार नाही. खूप टीका झाली पण मुद्दा खरा होता, आणि २०११ ला त्यावर फ्लूपुरता एक करार झाला. कोरोनात पुन्हा तेच. ऑक्टोबर २०२० ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने डब्ल्यूटीओकडे लस-औषधांवरचे पेटंट हक्क तात्पुरते बाजूला ठेवा म्हणून मागणी केली, निर्णय आला जून २०२२ ला, तोही लसीपुरता आणि बराच छाटलेला. पण २०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे लाट आली, गल्लीगल्लीत ऑक्सिजनसाठी धावाधाव चालू होती, तेव्हा आपणही लसींची निर्यात थांबवली, आणि पुण्याच्या सीरमच्या भरवशावर बसलेले आफ्रिकेतले देश नोव्हेंबरपर्यंत तसेच राहिले. त्या वेळी मला ते बरोबर वाटलं होतं. आज वाटतं की निदान त्यांच्या डॉक्टर-नर्सपुरती तरी लस जात राहायला हवी होती, कारण आपण इतकी वर्षं दुसऱ्यांकडे मागत आलो ते हेच होतं.

मे २०२५ मध्ये जिनिव्हाला महामारीचा नवा करार मंजूर झाला. सॅम्पल देणाऱ्या देशाला लसीतला वाटा किती आणि कसा, हा सगळ्यात अवघड भाग मात्र वेगळ्या परिशिष्टात टाकून पुढच्या वाटाघाटींवर सोडला, आणि डब्ल्यूएचओ सोडायचं जानेवारीतच जाहीर केलेली अमेरिका त्या मंजुरीत नव्हती.