समेट घडवला, त्याला समुपदेशन म्हणायचं का?

"पोलीस ठाण्यात कौन्सेलिंग झालं, आता ती नांदायला गेली." हे वाक्य आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत, हे लक्षातच येत नाही. टेबल, चार खुर्च्या, रडणारी बाई, मान खाली घातलेला नवरा. लांबून पाहिलं तर समेट आणि समुपदेशन सारखंच दिसतं.

समेटाची रीत सगळ्यांना पाठ आहे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसतात, सोबतीला कधी सरपंच, कधी तंटामुक्ती समिती, कधी ठाण्यातले हवालदार. "टाळी एका हातानं वाजत नाही" इथून बोलणं सुरू होतं, कारण दोघांचं थोडं थोडं चुकलं असं धरल्याशिवाय तडजोड पुढे सरकत नाही. तो लिहून देतो, पुन्हा हात उचलणार नाही. तीही लिहून देते, उलट बोलणार नाही. मार आणि उलट उत्तर एकाच तराजूत तोललं जातं, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हेच. बांधाच्या किंवा उसनवारीच्या भांडणात ही रीत उपयोगाची आहे, तिथे दोघं बरोबरीचे असतात. इथे एक जण दुसऱ्याला भिऊन जगतोय. ती सासरी परतली की प्रकरण मिटलं असं धरतात. महिन्याभराने तिची विचारपूस करायला कुणी जात नाही.

समुपदेशनाचं काम वेगळ्या टोकापासून सुरू होतं. 1984 साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. जागा पोलिसांच्या आवारातली, पण खुर्चीवर प्रशिक्षित समाजकार्यकर्ती. पुढे राज्य सरकारने ही कल्पना उचलली आणि असे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत आले.

कार्यकर्ती आधी तिला एकटीला भेटते. सोबत आलेल्या भावालाही बाहेर थांबायला सांगते, कारण "परत जा" हा दबाव माहेरचाही असतो. आज रात्री कुठे राहणार? मुलं कुणाजवळ आहेत? त्याने कधी गळा दाबला होता का? हा शेवटचा प्रश्न उगाच नसतो. गळा दाबणं ही जिवाला धोका असल्याची मोठी खूण मानतात. मग ठरतं की आधार कार्ड, मुलांचे दाखले, थोडे पैसे शेजारणीकडे ठेवायचे, आणि दवाखान्यात गेल्यावर "पडले" न सांगता खरं कारण नोंदवून घ्यायचं. नवऱ्याला बोलवायचं की नाही, हे तिला विचारून ठरतं. पोलिसांना सोबत घेऊन तिचं स्त्रीधन परत मिळवणं हाही याच कामाचा भाग. यातूनही ती पुन्हा नांदायला जाऊ शकते. पण ते तिने ठरवलेलं असतं, आणि नंतर पाठपुरावा होतो.

कायद्यातही हा फरक आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम 2005 चा, तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. त्याच्या कलम 14 नुसार न्यायदंडाधिकारी दोघांना एकेकटं किंवा एकत्र समुपदेशनाला पाठवू शकतात. याच कायद्याखालच्या नियमांमधला नियम 14 म्हणतो की हिंसेचं कोणतंही समर्थन या बैठकीत चालणार नाही, हे नवऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं. म्हणजे "ती बोलली म्हणून मारलं" हे वाक्य तिथे ऐकूनच घ्यायचं नाही. समेटाच्या बैठकीत निम्मा वेळ याच वाक्यावर जातो.

समुपदेशनाला बसली म्हणून तिचा फौजदारी तक्रारीचा हक्क जात नाही. हा हक्क तिला सांगणं हे याच कायद्याच्या कलम 5 प्रमाणे पोलीस आणि संरक्षण अधिकारी, म्हणजे या कायद्याखाली अशा बाईच्या मदतीसाठी नेमलेले अधिकारी, यांचं कर्तव्यच आहे. समोरचा माणूस यातलं काहीही न सांगता थेट "नांदायला कधी जातेस?" असं विचारत असेल, तर तिथून उठावं आणि 181 या महिला हेल्पलाइनला फोन करून संरक्षण अधिकारी कुठे भेटतील ते विचारावं.