वेळेत इंजेक्शन दिलं, तरी गुठळी का विरघळत नाही?

खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात अजूनही कुणाच्या अंगावरून वारं गेलं, म्हणजे पक्षाघात झाला, की पहिला अर्धा दिवस झाडपाल्याच्या औषधात जातो. त्यामुळे इथल्या डॉक्टरांचा आणि आशाताईंचा सगळा जोर वेळेवर असतो. साडेचार तासांच्या आत पोहोचा, सीटी स्कॅन करा, रक्तस्राव नसेल तर मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घ्या. हे अगदी बरोबर आहे. पण धावतपळत वेळेत पोहोचलेल्या काही घरांना वेगळाच धक्का बसतो. इंजेक्शन दिलं जातं, तास उलटतात आणि हात काही उचलत नाही. मग आयसीयूबाहेर प्रश्न सुरू होतात. औषध डुप्लिकेट होतं का? डॉक्टरांनी उशीर केला का? थेट कोल्हापूरला नेलं असतं तर? याचं उत्तर पुष्कळदा त्या गुठळीतच दडलेलं असतं, आणि वैद्यकशास्त्राला ते नीट दिसायला लागून जेमतेम दहा-बारा वर्षं झाली आहेत.

सुरुवात १९३३ सालची. काही स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू माणसाच्या रक्ताची घट्ट झालेली गुठळी पातळ करतात, असं अमेरिकेत विल्यम टिलेट यांच्या लक्षात आलं. त्यातून पुढे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध आलं. हार्ट अटॅकमध्ये त्यानं असंख्य जीव वाचवले. पक्षाघातात मात्र १९९०च्या दशकातल्या मोठ्या चाचण्या मेंदूतल्या रक्तस्रावामुळे अर्ध्यावर थांबवाव्या लागल्या. तोवर बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठात देझिरे कोलेन यांच्या गटानं आपल्या शरीरातच तयार होणारं, गुठळी विरघळवणारं टीपीए हे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळं केलं होतं. १९८०च्या दशकात ते जनुक-तंत्रानं बनू लागलं, तेच अल्टेप्लेज. १९९५ मध्ये अमेरिकेत ६२४ रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला: तीन तासांच्या आत हे औषध मिळालेल्यांत तीन महिन्यांनी जवळपास पूर्ण सावरलेले लोक ठळकपणे जास्त होते. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती मुदत साडेचार तासांवर नेली.

१९९५च्या त्या चाचणीत रुग्ण किती सावरला हे मोजलं होतं. बंद पडलेली रक्तवाहिनी खरंच उघडली का, हे तपासणं त्या आराखड्यात नव्हतं. म्हणून बरीच वर्षं समज असा राहिला की औषध गुठळीवर चालतंच, फक्त पोहोचायला उशीर होतो. पुढे डॉप्लर आणि अँजिओग्राफीनं वाहिन्या पाहायला सुरुवात झाली तेव्हा चित्र पालटलं. मेंदूच्या लहान फांद्यांतल्या गुठळ्या बऱ्यापैकी विरघळत होत्या. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या बुंध्यातल्या साधारण एक तृतीयांशच. आणि मानेतून वर येणारी मोठी धमनी कवटीत जिथं दुभागते, तिथं अडकलेली गुठळी दहात एखाद्याचीच सुटत होती. २०११ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी सीटीवर गुठळीची लांबी मोजली. आठ मिलिमीटरपेक्षा लांब गुठळी नुसत्या इंजेक्शननं जवळजवळ कधीच विरघळली नव्हती.

कारण समजायला सोपं आहे. औषध रक्ताबरोबर जातं, आणि जिथं रक्त थांबलंय तिथं औषधही थांबतं. ते बाजूच्या उघड्या फांद्यांत निघून जातं, गुठळीच्या फक्त तोंडाशी थोडंफार पोहोचतं. मग डोस वाढवावा, असं कुणालाही वाटेल. पण ठरलेल्या डोसनंसुद्धा १९९५च्या त्या चाचणीत ६.४ टक्के रुग्णांच्या मेंदूत त्रास देणारा रक्तस्राव झाला होता. औषध न मिळालेल्यांत तो ०.६ टक्के होता. डोस वाढवण्याची वाट तिथंच बंद होते.

खरी उलगड झाली ती २०१५ नंतर. जांघेतून कॅथेटर घालून मेंदूतली गुठळी जाळीदार स्टेंटनं ओढून काढण्याच्या पाच चाचण्या लागोपाठ यशस्वी ठरल्या, आणि ही पद्धत जगभर रुळली. रुग्णांचा फायदा झालाच, शिवाय जिवंत माणसाच्या मेंदूतून काढलेली ताजी गुठळी पहिल्यांदाच मोठ्या संख्येनं सूक्ष्मदर्शकाखाली आली. तोवरचे प्रयोग बहुतेक परीक्षानळीत गोठवलेल्या रक्तावर होते.

पाहणाऱ्यांना त्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिसल्या. काही भाग लाल, मऊ: तांबड्या पेशी गच्च भरलेल्या आणि मध्ये फायब्रिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचे विरळ धागे. औषध तोडतं ते हे धागेच, त्यामुळे असा भाग लवकर सुटतो. दुसरा भाग फिकट, चिवट: प्लेटलेट्स, जाड फायब्रिन, व्हॉन विलब्रँड फॅक्टर नावाचं चिकट प्रथिन आणि पांढऱ्या पेशी. प्लेटलेट्स टीपीएला निकामी करणारा पीएआय-१ हा पदार्थ सोडतात, वर गुठळीला आवळून घट्ट करतात. बऱ्याच गुठळ्यांत हा चिवट थर बाहेरून वेढा घालून असतो. आमच्याकडच्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर जमिनीवर पापडी धरते आणि पुढचं पाणी आत न मुरता वरूनच वाहून जातं, तसंच इथं होतं.

त्याहून अनपेक्षित गोष्ट डीएनएची. २००४ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी जंतूंना पकडायला स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकतात. २०१७ मध्ये लुवेनच्याच गटाला पक्षाघाताच्या गुठळ्यांत ही जाळी सापडली. टीपीए फायब्रिन तोडतं, डीएनएला हातही लावत नाही. बाहेर काढलेल्या गुठळ्यांवर टीपीएसोबत डीएनए तोडणारं विकर (एन्झाइम) टाकलं तेव्हा त्या जास्त वेगानं विरघळल्या. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसाच्या आजारात असं विकर औषध म्हणून आधीपासून वापरात आहे, म्हणून पक्षाघातात त्याच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. मला या साऱ्या शोधांत सर्वांत जास्त आशा इथं वाटते.

माणसामाणसांतही फरक पडतो. मधुमेहात फायब्रिनची वीण दाट होते आणि रक्तात पीएआय-१ जास्त असतं. लहानपणच्या सांधेतापानं खराब झालेल्या हृदयाच्या झडपेवरून कधी चुन्यासारखा कठीण कण सुटतो, त्याला कुठलंच इंजेक्शन विरघळवू शकत नाही.

औषधातही सुधारणा झाली. टेनेक्टेप्लेज हा टीपीएचाच बदललेला प्रकार पीएआय-१ला सहज बधत नाही, आणि तासभर सलाइनमधून सोडत बसण्याऐवजी एकदाच टोचता येतो. आपल्याकडे पुण्यातली कंपनी तो बनवते. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात मोठी धमनी बंद असलेल्यांत त्यानं २२ टक्क्यांना, तर अल्टेप्लेजनं १० टक्क्यांना कॅथेटर घालण्याआधीच रक्तप्रवाह परत मिळाला. दुप्पट, म्हणजे मोठीच प्रगती. तरी उरलेल्या ७८ टक्क्यांना पुढचा उपाय लागलाच.

सीमाभागातल्या माणसानं ध्यानात धरायचं ते इथं आहे. इंजेक्शन टाळायचं नाही, ते वेळेतच घ्यायचं. पण बोलणं पूर्ण गेलंय, एक बाजू पार लुळी आहे, नजर एकाच दिशेला खेचली आहे, अशी लक्षणं असतील तर मोठी धमनी बंद असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी 'औषधाचा गुण येतो का पाहू' म्हणत थांबणं महागात पडतं. इंजेक्शन सुरू असतानाच वाहिन्यांचा सीटी अँजिओ आणि कॅथेटरची सोय असलेल्या ठिकाणी फोन व्हायला हवा. खानापूर-जांबोटीकडच्यांना त्यासाठी बेळगाव जवळ, निपाणीकरांना कोल्हापूर, अथणीकरांना मिरज-सांगली. काही निवडक रुग्णांत सोळा ते चोवीस तासांपर्यंत गुठळी ओढून काढता येते, हे २०१७-१८ मध्ये दोन चाचण्यांनी दाखवलं आहे. म्हणून रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ आणि इंजेक्शनची वेळ कागदावर लिहून रुग्णासोबत द्यावी. पुढच्या दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात.