उपवास : विविध धर्मांतील

ठरावीक काळ अन्न, अन्न व पाणी दोन्ही, किंवा अन्नाचे काही प्रकार धर्मभावनेने वर्ज्य करणे म्हणजे उपवास. बहुतेक सर्व मोठ्या धर्मांत ही प्रथा आहे. ज्यांनी ती नाकारली त्यांनीही कारणे देऊन नाकारली. म्हणूनच धर्माधर्मांतील श्रद्धा ताडून पाहायला ती फार उपयोगी पडते. ईश्वर एक की अनेक, आत्मा आहे की नाही, हे वाद पंडित घालतात. ताटात काय वाढायचे नाही, केव्हा आणि कोणासाठी, हे मात्र साध्या अनुयायालाही ठरवावे लागते. उपाशी पोट सगळीकडे सारखेच, पण उपाशी राहून माणूस नेमके काय करत असतो याची उत्तरे इतकी वेगळी आहेत, की त्या सर्वांना एकच नाव देणे ही निव्वळ भाषेची सोय आहे.

खुद्द ‘उपवास’ या शब्दात भुकेचा उल्लेख नाही. ‘उप’ म्हणजे जवळ आणि ‘वस्’ म्हणजे राहणे. शतपथ ब्राह्मणाच्या अगदी आरंभी याचा खुलासा येतो. यज्ञाच्या आदल्या दिवशी यजमान व्रत घेतो, ते देवांना कळते आणि ते त्याच्या घरी मुक्कामाला येतात. घरी आलेल्या माणसांच्या आधी जेवणेही शोभत नाही, मग देवांच्या आधी कसे जेवायचे? म्हणून खाऊ नये. म्हणजे मुळात ही तपश्चर्या नसून यजमानाची रीत आहे. पण तिथेच याज्ञवल्क्य एक पेच मांडतो. मुळीच न खाल्ले तर ते पितरांचे कर्म ठरते. खाल्ले तर देवांच्या आधी खाल्ल्याचा दोष लागतो. यावर त्याचा तोडगा असा, की ज्याची आहुती दिली जात नाही ते खाल्ले तरी न खाल्ल्यासारखेच. तेव्हा रानातल्या वनस्पती किंवा झाडाची फळे खावीत. उपवासाला फळे का चालतात, याचे इतके जुने आणि इतके चतुर समर्थन दुसरे सापडणे कठीण.

यज्ञापूर्वीच्या त्या दिवसाचे नाव ‘उपवसथ’. पालीत त्याचे ‘उपोसथ’ झाले, जैनांच्या प्राकृतात ‘पोसह’, आणि प्रत्येक ठिकाणी आशय पालटला. भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातील महावग्गात मगधाचा राजा बिंबिसार बुद्धाला सुचवतो, की इतर पंथांचे परिव्राजक पक्षाच्या अष्टमीला, चतुर्दशीला आणि पंधराव्या दिवशी एकत्र जमतात, लोक त्यांना ऐकायला जातात. तुमच्या भिक्षूंनीही जमावे. बुद्धाने ते मान्य केले. पुढे या दिवशी भिक्षूंनी संघाच्या नियमांचे, म्हणजे पातिमोक्खाचे, सामूहिक पठण करायचे असे ठरले. पाहुणे देव गेले, अग्नी गेला. उरली ती आत्मपरीक्षणाची बैठक. उपासक त्या दिवशी आठ शीले पाळतात आणि त्यांतले एक शील अन्नाविषयी आहे : माध्यान्हीनंतर जेवायचे नाही. भिक्षूंना हा नियम रोजचाच. उग्र उपोषणाने देह झिजवून पाहिल्यावर बुद्धाने तो मार्ग सोडला होता, त्यामुळे बौद्ध परंपरेत उपाशी राहण्याला स्वतंत्र पुण्य नाही. थोडे आणि वेळेवर खाणे, एवढेच.

जैन धर्मात नेमके उलटे. इथे उपवास हा केंद्रस्थानी आहे आणि त्यामागचा विचार जवळजवळ भौतिकशास्त्राच्या भाषेत मांडलेला आहे. कर्म हे सूक्ष्म द्रव्य असून ते जीवाला चिकटते. नवे कर्म आत येणे थांबवायचे (संवर) आणि साचलेले झाडून टाकायचे (निर्जरा). तत्त्वार्थसूत्राच्या मते तपाने निर्जरा होते, आणि सहा बाह्य तपांच्या यादीत पहिले नाव अनशनाचे. दुसरे अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. चौथे रसपरित्याग, म्हणजे दूध, तूप, तेल, गोड अशा चवदार पदार्थांचा त्याग. कोणाला प्रसन्न करायचे नाही, कोणाची क्षमा मागून शिक्षा चुकवायची नाही. सृष्टी चालवणारा ईश्वरच इथे मानलेला नाही. त्यामुळे उपवासाचा हिशेब ज्याचा त्याने स्वतःशीच करायचा. श्वेतांबरांचे पर्युषण आठ दिवसांचे, दिगंबरांचे दशलक्षण दहा दिवसांचे. त्या काळात आठ दिवसांची अठ्ठाई करणारे पुष्कळ असतात आणि महिनाभर केवळ उकळलेल्या पाण्यावर राहून मासखमण करणारेही असतात. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम तर वर्षभराचा. अंधारात सूक्ष्म जीवांची हिंसा होते हे त्याचे कारण. या विचाराचे टोक म्हणजे सल्लेखना किंवा संथारा, मरण जवळ आले असता आहार क्रमाने सोडत जाणे. ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने ती आत्महत्येत मोडते असा निर्णय दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याला इच्छा दिसते ती मरणाची. जैन आचार्यांचे म्हणणे असे, की इच्छा उरली असेल तर ती सल्लेखनाच नव्हे.

हिंदू परंपरेत कोणताही एक उपवास सर्वांवर सक्तीचा नाही आणि उपवासांची संख्या मात्र सर्वांत मोठी. तिथी, वार, देवता, नवस, प्रायश्चित्त अशी निमित्ते असंख्य. प्रायश्चित्तांपैकी चांद्रायण लक्षात राहण्यासारखे आहे : चंद्राच्या कलांबरोबर घास एकेकाने वाढवायचे आणि एकेकाने कमी करायचे. वैष्णवांची एकादशी वर्षात २४ वेळा येते, अधिक मास असला तर २६ वेळा. त्या दिवशी सर्व पापे अन्नाच्या आश्रयाला येतात असे पुराणे सांगतात, म्हणून धान्य वर्ज्य. चीनमधील ताओ पंथातही साधक धान्य सोडतात. माणसाच्या शरीरात त्याचे आयुष्य कुरतडणारे तीन कृमी असतात आणि ते धान्यावर पोसतात, अशी तिथली समजूत. दोन्हींचा परस्परसंबंध जोडण्याचे कारण नाही, पण रोजचे अन्नच संशयास्पद ठरावे हे साम्य नोंदवण्याजोगे आहे. वर्ज्य पदार्थ नेमके ठरले की बाकीच्यांना वाट मोकळी होते. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण त्याच अनुभवातून आली.

ज्यू धर्मात उपवासाचे क्रियापद वेगळेच आहे. त्यांच्या धर्मग्रंथातला लेवीय हा भाग ‘जेवू नका’ म्हणत नाही. ‘आपल्या जिवाला क्लेश द्या’ म्हणतो. त्याचा अर्थ लावताना मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या संग्रहाने योम किप्पुरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी पाच गोष्टी वर्ज्य ठरवल्या : खाणेपिणे, अंग धुणे, तेल लावणे, चामड्याचे पायताण घालणे आणि शरीरसंबंध. सूर्यास्तापासून दुसऱ्या रात्रीपर्यंत, सुमारे २५ तास, पाणीदेखील नाही. पापांची कबुली मात्र ‘मी’ म्हणून नव्हे तर ‘आम्ही’ म्हणून दिली जाते. दुसरा मोठा उपवास तिशा बआव हा शोकाचा आहे, इ. स. पू. ५८६ मध्ये पहिले आणि इ. स. ७० मध्ये दुसरे मंदिर उद्ध्वस्त झाले त्याची ती आठवण. इतिहासातील आपत्तीसाठी सबंध समाजाने पाणीही न पिता बसणे इतक्या ठळकपणे इतरत्र फारसे दिसत नाही. आणखी एक गोष्ट. योम किप्पुरच्या सकाळी, लोक उपाशी बसलेले असताना, वाचला जातो तो यशया संदेष्ट्याचा उपवासावरच कोरडे ओढणारा भाग : भुकेल्याला आपली भाकर देणे, बांधलेल्याला सोडवणे हाच खरा उपवास. धर्माने आपल्या सर्वांत पवित्र दिवशी स्वतःवरची टीका स्वतःच वाचावी, याचे मोल मोठे आहे.

उपवास ही ओळखीची खूणही असते. ‘दिदखे’ या आद्य ख्रिस्ती पुस्तिकेत बजावले आहे, की ढोंगी लोक (रोख ज्यूंकडे) सोमवारी व गुरुवारी उपवास करतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. हदीसमध्येही सहरी, म्हणजे पहाटेपूर्वीचे जेवण, हा आपल्या आणि आधीच्या ग्रंथधारकांच्या (ज्यू व ख्रिस्ती) उपवासातला फरक म्हणून सांगितला आहे. शेजाऱ्याचीच प्रथा घ्यायची आणि वार किंवा वेळ बदलून ती आपली करायची, असे हे चालते.

ख्रिस्ती उपवासाचा आदर्श येशूचे अरण्यातले ४० दिवस. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मांस, अंडी, दूध वर्ज्य करणारे दीर्घ काळ वर्षात चार येतात. इथिओपियाच्या चर्चमध्ये तर वर्षाचे जवळपास निम्मे दिवस उपवासाचे. रोमन कॅथलिक नियम १९६६ मध्ये पोप सहावे पॉल यांनी बरेच सैल केले. आता वर्षात दोनच सक्तीचे उपवास उरले आहेत, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे; त्या दिवशी एक पुरते जेवण आणि दोन अल्प आहार चालतात. प्रॉटेस्टंटांनी सक्तीच नाकारली. झुरिचमधील धर्मसुधारणेची ठिणगी तर १५२२ च्या ईस्टरपूर्व उपवासकाळात एका मुद्रकाच्या घरी खाल्लेल्या सॉसेजवरून पडली. तिथला सुधारक धर्मोपदेशक झ्विंग्ली तिथे हजर होता, त्याने स्वतः खाल्ले नाही, पण नंतर खाणाऱ्यांची बाजू व्यासपीठावरून मांडली. ईश्वराची कृपा फुकट मिळते असे मानले, की भुकेने ती मिळवण्याचा प्रश्न राहत नाही.

इस्लाममध्ये उपवास पाच स्तंभांपैकी एक. हिजरी सन २ (इ. स. ६२४) मध्ये रमजानचे रोजे फर्ज झाले. उपवास तुमच्या आधीच्या लोकांनाही सांगितला होता आणि त्याचा हेतू तकवा, म्हणजे ईश्वराचे सतत भान, असे कुराण सांगते. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत अन्न, पाणी आणि शरीरसंबंध वर्ज्य. रात्री सगळे मोकळे. पदार्थांवर बंधन नाही, वेळेवर आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि अधिक मास धरायला कुराणाची मनाई, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. आयुष्यात कोणाच्याच वाट्याला केवळ लहान दिवस येत नाहीत. उत्तरेकडे उन्हाळ्यात सूर्य मावळेनासा होतो तिथे मक्केची किंवा जवळच्या शहराची वेळ धरण्याची मुभा अनेक धर्मशास्त्रज्ञांनी दिली आहे. आजारी माणसाला व प्रवाशाला सूट आहे, पण चुकलेले रोजे पुढे भरून काढायचे. बहाई धर्मातही असाच सूर्योदय ते सूर्यास्त उपवास मार्चमध्ये १९ दिवस असतो.

नाकारणाऱ्यांत झरथुष्ट्राचे अनुयायी सर्वांत स्पष्ट. जो खात नाही त्याच्या अंगी सत्कर्माचे बळ राहत नाही, असे वेंदिदाद हा त्यांचा धर्मग्रंथ म्हणतो. जग ही चांगल्या आणि वाईट शक्तींची लढाई असेल तर सैनिकाने उपाशी राहून कसे चालेल? महिन्यातले चार दिवस मांस टाळणे, इतकेच. गुरु ग्रंथ साहिबात गुरु अर्जनदेव ‘ना व्रत, ना रमजान’ असे म्हणतात, आणि अन्न सोडणाऱ्यांना कबीर पाखंडी ठरवतात. शिखांची सामूहिक प्रथा अर्थातच लंगर, एका पंगतीत बसून जेवण्याची. कन्फ्यूशियसने दिवसभर न खाता आणि रात्रभर न झोपता चिंतन करून पाहिले. उपयोग झाला नाही, त्यापेक्षा अभ्यास बरा, असा त्याचा निष्कर्ष.

उपवास करणाऱ्या धर्मांनीही तो कुठे थांबवायचा हे तितक्याच काटेकोरपणे ठरवले आहे. दोन्ही ईदला रोजा निषिद्ध आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ज्यू उपवास करत नाहीत, अपवाद फक्त योम किप्पुरचा. आणि जीव धोक्यात असेल तर तोही मोडावाच लागतो. पाश्चात्त्य ख्रिस्ती रविवार ईस्टरपूर्व उपवासाच्या ४० दिवसांच्या मोजणीत धरत नाहीत, कारण तो पुनरुत्थानाचा वार. एकादशीचे पारणे द्वादशीत झाले नाही तर व्रत अपुरे राहते. भागवतात राजा अंबरीष याच अडचणीत सापडतो : द्वादशी संपत आलेली, आणि जेवायला बोलावलेला दुर्वास नदीवरून परतलेला नाही. पाहुण्याआधी खाणे हा दोष, न खाणे हाही दोष. ब्राह्मणांनी त्याला नुसते पाणी प्यायला सांगितले, कारण ते खाल्लेलेही असते आणि न खाल्लेलेही.