ग्रेट ओशन रोडवरील स्थलदर्शनाचा दिवस : कॅरव्हॅन घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मेलबर्नहून आमची कॅरव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचे फिरते घर) घेऊन निघणारी बहुतेक कुटुंबे ‘ट्वेल्व्ह अपॉसल्स एका दिवसात पाहून होतील का?’ असे विचारतात. समुद्रात उभे असलेले हे चुनखडकाचे सुळके निवांतपणे पाहून होतात; मात्र त्या दिवशी कॅरव्हॅन मोटारीमागे जोडलेली नसावी, हे एक पथ्य आम्ही आग्रहाने सांगतो. ग्रेट ओशन रोड या ऑस्ट्रेलियातील किनारी रस्त्याचा लॉर्न ते अपोलो बे हा भाग कड्याला बिलगून सतत वळत जातो, आणि गजबजलेल्या वाहनतळावर जोडगाडी मागे घेणे नवख्या चालकाला घाम फोडणारे असते.

म्हणून अपॉसल्सजवळच्या पोर्ट कॅम्पबेल या गावातील कॅरव्हॅन पार्कमध्ये सलग दोन रात्रींसाठी वीजजोडणी असलेली जागा आरक्षित करावी. नाताळ व जानेवारीतील शाळांच्या सुट्टीत हे आरक्षण बरेच आधी करावे लागते. तेथे जाताना जिलाँग, कोलॅक, कॅम्परडाउन आणि टिंबून हा आतला मार्ग धरावा. प्रवासात कॅरव्हॅनमध्ये कोणीही बसू नये, अगदी झोपलेले मूलसुद्धा नाही. तसे करणे बेकायदेशीर आहे.

जागेवर पोहोचल्यावर प्रथम कॅरव्हॅनचा हँडब्रेक ओढून चाकांखाली ठोकळे लावावेत, जॉकी व्हील (कॅरव्हॅनचे पुढचे आधाराचे छोटे चाक) खाली सोडून जमिनीवर नीट टेकवावे, दिव्यांचा प्लग व सेफ्टी चेन काढावी आणि त्यानंतरच कपलिंग (कॅरव्हॅनची जोडणी) मोटारीमागील टो-बॉल या गोळ्यावरून उचलावे. कॅरव्हॅनच्या विजेच्या वायरचा प्लग १५ अँपिअरचा असून त्याची अर्थिंगची पट्टी नेहमीपेक्षा रुंद असते. त्यामुळे तो घरगुती सॉकेटमध्ये बसत नाही. कृपया पट्टी कानशीने घासून बसवू नये.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी निघावे. अपॉसल्स तेथून सुमारे १२ किलोमीटरवर आहेत. मेलबर्नहून येणाऱ्या पर्यटक बस साधारणपणे दुपारी पोहोचतात, त्यामुळे सकाळी पाहणीच्या सज्जांवर तुरळक माणसे असतात आणि पूर्वेकडून येणारे कोवळे ऊन सुळक्यांवर थेट पडते. नाव ‘बारा’ असले तरी येथे बारा सुळके कधीच नव्हते. हा चुनखडक सागरी जीवांच्या अवशेषांपासून बनलेला व ठिसूळ आहे. लाटा त्यात आधी गुहा कोरतात, गुहा आरपार गेली की कमान उरते आणि कमानीचे छत कोसळले की सुळका एकटा उभा राहतो. ३ जुलै २००५ रोजी यांपैकी सुमारे ५० मीटर उंचीचा एक सुळका काही क्षणांत ढासळला. कोकणातील जांभ्याच्या कड्यांची सवय असलेल्यांनी म्हणूनच येथील कुंपणाबाहेर पाऊल टाकू नये. जवळच गिब्सन स्टेप्स या ८६ पायऱ्या समुद्रकिनाऱ्यावर उतरतात. त्या खुल्या असतील आणि भरती नसेल तरच उतरावे, पाण्यात मात्र जाऊ नये.

न्याहारीला परत तळावर यावे. कॅरव्हॅन मुक्कामाला ठेवण्याचे खरे सुख हेच आहे : पोहे करावेत, आजी-आजोबांनी थोडे पडावे आणि दुपार टळल्यावर पुन्हा निघावे.

दुपारनंतर लॉक आर्ड गॉर्ज या कड्यांमधल्या घळीला किमान एक तास द्यावा. इंग्लंडहून मेलबर्नकडे येणारे ‘लॉक आर्ड’ हे जहाज १ जून १८७८ रोजी येथे फुटले. जहाजावरील ५४ जणांपैकी टॉम पीअर्स हा शिकाऊ खलाशी आणि ईव्हा कारमायकेल ही तरुणी असे दोघेच वाचले. किनाऱ्याला लागलेल्या टॉमने तिचा आवाज ऐकून पुन्हा पाण्यात उडी घेतली व तिला या चिंचोळ्या खाडीत ओढून आणले. खाली वाळूत उभे राहून दोन्ही बाजूंचे कडे पाहिले की त्या रात्रीची कल्पना येते. जहाजावरील चिनी मातीचा मोठा मोरही आश्चर्यकारकरीत्या शाबूत राहिला. तो वॉर्नम्बूलच्या फ्लॅगस्टाफ हिल संग्रहालयात आहे.

संध्याकाळ लंडन आर्चसाठी राखावी. पूर्वी ही दुहेरी कमान किनाऱ्याला जोडलेली होती व तिला लंडन ब्रिज म्हणत. १५ जानेवारी १९९० रोजी जमिनीकडील कमान कोसळली आणि पलीकडे अडकलेल्या दोन पर्यटकांची हेलिकॉप्टरने सुटका करावी लागली. अंधार पडू लागताच खालच्या वाळूवर छोटे पेंग्विन समुद्रातून परततात. त्यांच्यावर टॉर्च वा फ्लॅश मारू नये. उन्हाळ्यात सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो, तेव्हा जेवण आधीच उरकलेले बरे. वाऱ्यासाठी जाड जाकीट जवळ ठेवावे; जानेवारीतही ते लागते.

परतीचे अंतर थोडे असले तरी वेग कमी ठेवावा, कारण या वेळी कांगारू अचानक रस्त्यावर येतात. कांगारू समोर आल्यास स्टिअरिंग झटक्याने न वळवता सरळ रेषेतच ब्रेक लावावा. आणीबाणीत ००० हा क्रमांक फिरवावा.